उजवीकडचा चोक

५ मे, सोमवार

मारियनने नाताळला ही डायरी दिली तेव्हा मनात म्हटलं, पोरीला अजून बाप कळलेला नाही. मी आयुष्यात लिहिलं ते कारखान्यात, पाळी संपताना. कुठल्या गाडीचं दार नीट लागत नाही, कुठल्या बॉनेटवर ओरखडा आहे, एवढंच. मी तयार गाड्या तपासून बाहेर सोडणारा माणूस. रिटायर झाल्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज उरलंय.

घराचा सौदा ठरला. ऑगस्टअखेर फर्नडेल सोडून स्टर्लिंग हाइट्सला जायचं. घर लहान, जिना नाही, आणि गॅरेज एकाच गाडीचं. हेडीची रोजची गाडी बाहेर बर्फ खात उभी राहील. माझ्या जुन्या गाड्या मात्र दोन आहेत.

पहिली १९३१ची फोर्ड मॉडेल ए. ही बाबांची. त्यांनी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. दुसरी १९६६ची पाँटियाक जीटीओ. ती मी कोरी घेतली, लग्नाच्या आधल्या वर्षी. दोघींच्या वयात पस्तीस वर्षांचं अंतर, आणि माझा जीव दोघींत सारखाच.

हेडी पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, लाटत होती. तिला विचारलं, "कोणती ठेवू?"

"दोन्ही विक."

"कोणती ठेवू असं विचारलं मी."

"ऐकलं की. बहिरी नाहीये."

बायकांना गाड्यांतलं काय कळतं. तेव्हा ठरवलं, रीतसर तपासणी करायची. एका रविवारी फोर्ड, पुढच्या रविवारी पाँटियाक. दोष दिसेल तो इथं लिहायचा. सोळा ऑगस्टला अख्खं डेट्रॉइट जुन्या गाड्या घेऊन वुडवर्ड अव्हेन्यूवर येतं. त्या दिवशी जिंकलेली गाडी मी स्वतः चालवत नेणार, दुसरी विकणार. निकालात भावनेला जागा नाही.

नियम कारखान्यातलाच. एका गाडीत दोष दिसला तर तो गाडीचा. तोच दोष दुसरीतही दिसला तर गाड्या सोडायच्या, आणि ते काम करणारा हात कोणाचा ते बघायचं. एकदा एका पाळीत तीन गाड्यांची डावी दारं सैल निघाली. सगळे दारं हलवत बसले. मी सरळ लाइनवर गेलो, तर बिजागऱ्या आवळणारा माणूस अंगात ताप घेऊन उभा होता. त्याला घरी पाठवला, दारं घट्ट झाली.

११ मे, रविवार

फोर्डची पाळी. हिला सुरू करेपर्यंत फादरचं प्रवचन संपतं. पेट्रोलचा नळ उघडा, स्टिअरिंगखालची डावी दांडी वर, उजवी थोडी खाली, किल्ली, मग चोक ओढून पायाखालचं बटण दाबा. आणि चोक कुठे? पार उजवीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी. चालवणाऱ्याने आडवं होऊन हात लांबवायचा. इंजिन तापत आलं की तीच मूठ फिरवून पेट्रोल कमी करायचं, म्हणजे चालत्या गाडीत पुन्हा आडवं व्हायचं. दोष पहिला.

पण एकदा सुरू झाली की तिचा तो टकटक आवाज ऐकून रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हसतो. मला बघून एरवी कोणी हसत नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने.

हेडी आज चर्चला माझ्याबरोबर फोर्डमधून आली. एरवी तिच्या गाडीने जाते. मी म्हटलं, "केस विस्कटतील."

"विस्कटू देत. बघायला कोण बसलंय?"

इतक्या वर्षांनी बाईला जुन्या गाडीची गोडी लागली. देर आए, दुरुस्त आए. घरी आल्यावर तिच्या पायाखालची चटई गोळा झालेली दिसली. दोष दुसरा.

१८ मे, रविवार

पाँटियाक. किल्ली फिरवली की काम झालं. गिअर आपोआप पडतात, ब्रेकला मदतनीस आहे, पाय नुसता ठेवायचा. फोर्ड माणसाला कामाला लावते. पाँटियाक माणसाला राजा करते. फोर्डमध्ये ताशी चाळीस मैल म्हणजे धाडस वाटतं. हिच्यात चाळीस मैल म्हणजे हिची झोपही मोडत नाही.

वुडवर्डवर एक चक्कर मारली. तरुणपणी शुक्रवारी संध्याकाळी सिग्नलपासून सिग्नलपर्यंत इथंच शर्यती लावायचो. हेडीला आठवण करून दिली.

ती म्हणाली, "आठवतंय ना. स्ट्रॉबेरी मिल्कशेक सगळा माझ्या अंगावर. नवा स्कर्ट होता तो."

"पण जिंकलो होतो."

"स्कर्ट हरला होता. चेट, पुढे लाल आहे हं."

लाल मला दिसत होता. हेडीला अलीकडे सिग्नलची धावती बातमी द्यायची सवय लागली आहे. आणि हिच्यातही तिच्या पायाखालची चटई गोळा. दोन गाड्या, दोष एक. म्हणजे नियमाप्रमाणे दोष हेडीच्या बसण्यात. तसं तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

३ जून, मंगळवार

गंमत झाली. दिवसभर गॅरेजमध्ये काम केलं, संध्याकाळी बूट काढले तर उजवा मोजा लाल. बुटाच्या तळातून स्क्रू आरपार गेलेला आणि अंगठ्याखाली घुसलेला. सकाळपासून असावा. मला पत्ताही नाही. हल्ली बुटांचे तळवे चांगले जाड करतात म्हणायचे.

हेडीचा चेहरा पांढराफटक. "दुखलं नाही तुला?"

"कातडी घट्ट आहे माझी."

"डॉक्टरकडे चल. तसंही साखरेचं दाखवायचंय, मार्चपासून टाळतोयस."

साखरेचं दाखवायचं म्हणजे सकाळचा पाँचकी बंद होणार. जॅम भरलेल्या त्या वड्यावाचून माणसाने उठायचं कशासाठी? जखम धुतली, पट्टी बांधली, विषय संपला.

दोन्ही गाड्यांच्या चटया आज चिकटवून टाकल्या.

८ जून, रविवार

फोर्डचा दोष, आणि मोठा. नाइन माइल रोडच्या चौकात थांबायच्या रेषेवर ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. अर्ध्या चौकात जाऊन उभी राहिली. डावीकडून येणाऱ्या व्हॅनवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला. आई धार्मिक होती, तिला आवडलं नसतं.

साहजिक आहे. हिचे ब्रेक सळ्यांचे, सळ्या सैल पडतात. क्लच मात्र लोण्यासारखा. डाव्या पायाखाली कसा छान जाणवतो.

 हेडीने दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की बोटं सोडवायला वेळ लागला.

१० जून, मंगळवार

फोर्ड लूथरकडे नेली. लूथर पेटिफोर्ड आणि मी एकाच लाइनवर होतो. तो नंतर स्वतःचं गॅरेज काढून बसला आणि माझ्यापेक्षा जाड झाला. त्याने गाडी रस्त्यावर नेली आणि तीनदा थांबवली. तिन्ही वेळा जागच्या जागी.

"ब्रेक ठणठणीत आहेत, म्हाताऱ्या."

"मग परवा काय झालं?"

"ते तू सांग. चालवत तू होतास."

"नीट बघ. सळ्या आवळ."

"आवळतो. तुझ्या समाधानासाठी पाहिजे तर रंगवतोही."

सळ्या आवळून घेतल्या. मी निघताना लूथर माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, "हेडी कशी आहे?" बुटांकडे बघून बायकोची चौकशी. त्याचंही वय झालं.

६ जुलै, रविवार

फोर्ड आत लावताना गॅरेजच्या मागच्या फळीला टेकली. टेकली म्हणजे फळी पडली, फळीवरचे रंगाचे डबे पडले, आणि हेडीने नव्या घरासाठी गुंडाळून ठेवलेला बशांचा खोका पडला. त्यात तिच्या आईच्या बशा होत्या. चार वाचल्या.

सळ्या आवळूनही ही अवस्था. मी म्हटलं, "त्या काळच्या ब्रेकांत दमच नाही. या गाडीचं काही खरं नाही."

हेडी खाली बसून तुकडे वेचत होती. म्हणाली, "बरोबर. गाडीचंच काही खरं नाही."

ती चिडली नाही. बशांवर ती नेहमी चिडते. मला तिच्या चिडण्याची सवय आहे, या गप्प राहण्याची नाही.

कारखान्यात असे लोक रोज भेटायचे. हातातून पाना निसटला की म्हणायचे पानाच खराब. मी सुनवायचो, नाचता येईना अंगण वाकडं. फोर्डच्या बाबतीत मात्र अंगण खरंच वाकडं आहे.

१३ जुलै, रविवार

पाँटियाक स्पष्ट पुढे. मन तिकडेच झुकलंय. फोर्ड विकायची म्हटल्यावर बाबा डोळ्यांसमोर येतात, पण बाबा स्वतःच म्हणायचे, थांबत नाही ती गाडी नव्हे.

दुपारी घरी आलो तर स्वयंपाकघरात लूथर आणि हेडी कॉफी पीत बसलेले. मी आत येताच दोघं हवेबद्दल बोलायला लागले. मी थट्टेने म्हटलं, "काय शिजतंय?" लूथर म्हणाला, "तुझा वाढदिवस." माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो.

२७ जुलै, रविवार

आजचंही लिहितो. तपासणी म्हणजे तपासणी.

पाँटियाक घेऊन वुडवर्डवर गेलो होतो. मिरवणुकीला अजून अवकाश आहे, पण लोक आतापासूनच संध्याकाळी रस्त्याकडेच्या गवतावर घडीच्या खुर्च्या मांडून बसतात. आपल्या इथं गाड्या बघणं म्हणजे काहींना सिनेमा. हेडी शेजारी होती. पुढे सिग्नल लाल. मी ब्रेक दाबला आणि गाडी उसळली. पुन्हा जोरात दाबला, ती आणखी उसळली. हेडी ओरडली, "पाय काढ! चेट, पाय काढ!" तिनेच हात घालून गिअर सोडवला. चाक फुटपाथवर चढलं, गवतावर गेलं आणि एक हिरवी खुर्ची खाली चिरडली. मग गाडी थांबली.

खुर्ची रिकामी होती. खुर्चीवाली बाई पलीकडे लिंबाचं सरबत घ्यायला गेली होती. दोन पेले हातात घेऊन ती उभी होती, आणि खुर्चीकडे, माझ्याकडे, पुन्हा खुर्चीकडे बघत होती. दुसरा पेला कोणासाठी होता ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

घरी हेडीने गाडी आणली.

माझा पाय ब्रेकवर होता. मी शपथेवर सांगायला तयार आहे. ब्रेकच्या मदतनिसात बिघाड असणार. उद्या लूथर येईल.

२८ जुलै, सोमवार

लूथर आला. त्याने पाँटियाकचं चाक काढलं, लायनर बघितले, नळ्या बघितल्या, गाडी गल्लीत चालवून थांबवली. मग हात पुसत पायरीवर माझ्याशेजारी बसला. 

"सापडलं?" मी विचारलं.

"नाही."

"फोर्डमध्येही नव्हतं सापडलं."

"नव्हतं."

 पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. लाइनवर तो नियम मीच त्याला शिकवला होता. दोन गाड्या. पस्तीस वर्षांचं अंतर. एकीला सळ्या, एकीला नळ्या. एकीचा एक पुर्जा दुसरीला बसत नाही. दोष मात्र एकच. मग दोघींत सारखं काय?

मी आत गेलो, खुर्चीवर बसलो, उजवा मोजा काढला आणि डोळे मिटले. हेडीला म्हटलं, "माझ्या अंगठ्याला बोट लाव. लावलंस की मी सांगतो."

मी वाट बघत बसलो. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, बाहेर लूथरचं खोकणं ऐकू येत होतं.

"लाव ना," मी म्हटलं.

तिचा आवाज अगदी खालून आला, जमिनीपासून. "चेट, मी कधीची धरून बसलेय."

डोळे उघडले. ती फरशीवर गुडघे टेकून बसली होती. माझा अंगठाच नव्हे, अख्खं पाऊल तिने दोन्ही हातांत धरलं होतं.

मग मी रडलो. लिहून ठेवतो, कारण उद्या मी नाही म्हणेन.

३१ जुलै, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, साखरेने पायाच्या नसा गेल्या. उजव्याच्या जास्त, डाव्याच्या कमी, पण तोही जाणार. परत येत नाहीत. गाडी चालवणं आजपासून बंद. मी विचारलं, फक्त रविवारी? डॉक्टरांनी हेडीकडे बघितलं. पाँचकीही बंद.

गाडीत हेडीला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"इस्टरपासून. एका पायात चप्पल घालून अख्ख्या आवारात हिंडत होतास. दुसरी स्वयंपाकघरात राहिलेली."

"मग बोलली का नाहीस?"

"दहादा म्हटलं डॉक्टरकडे चल. तू म्हणालास कातडी घट्ट आहे. किल्ल्या काढून घेतल्या असत्या तर तू मला माफ केलं असतंस?"

नसतं केलं. 

"म्हणून शेजारी बसत होते," ती म्हणाली. "पण ते चुकलंच माझं. त्या खुर्चीत कोणी असतं तर?"



३ ऑगस्ट, रविवार

निकाल: दोन्ही विकायच्या. लूथरला निरोप दिला. त्याला पाँटियाक हवीच होती, फक्त इतकी वर्षं मागायची लाज वाटत होती. फोर्डसाठी टोलिडोचा कोणीतरी आहे.

हेडी भांडी पुसत होती. म्हणाली, "फोर्ड राहू दे."

"कशाला? बघत बसायला? एक ठेवायचीच तर पाँटियाक ठेव. ती तुला चालवता येईल, सगळं आपोआप."

"आपोआप चालते तर मी तिच्यात करू काय? स्कर्टवर मिल्कशेक सांडू?"

"अगं, फोर्डला डबल क्लच लागतो. गिअर बदलताना दोनदा दाबायचा, मधे—"

"मधे थोडी रेस द्यायची. ठाऊक आहे. चल."

तिने फोर्डचं दार उघडलं आणि डावीकडे बसली. नळ, दोन्ही दांड्या, किल्ली, सगळं ओळीने. बाबांना जमलं नसतं इतक्या मऊपणे तिने पहिल्यावरून दुसरा टाकला. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो मी तोंड मिटलं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?"

"पोझेनला, माहेरच्या शेतावर. आमच्याकडे बटाट्याचा ट्रक होता, हिच्याच जातीचा. बाराव्या वर्षापासून चालवत होते. भाऊ पोती टाकायचे, मी ट्रक पुढे घ्यायचे."

"सत्तेचाळीस वर्षं संसार झाला, हेडी. कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू आपला सांगत असायचास. आडवं होणं, चोक, दांड्या. तुला सांगायला इतकं आवडायचं, म्हटलं सांगू दे."

परत येताना तिने माझ्या बाजूला मान हलवली. "बघतोस काय? इंजिन तापलंय. पेट्रोल कमी कर. माझा हात पोचत नाही तिथं."

मी मूठ पाव फेरा फिरवली. आवाज साफ झाला. टोलिडोवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

वुडवर्ड. ऊन, धूर, आणि नजर जाईल तिथवर गाड्या. हेडीने डोक्याला निळा रुमाल बांधला होता, केसांसाठी.

ठरल्याप्रमाणे निकाल लिहितो. वेगात पाँटियाक. ब्रेकमध्ये पाँटियाक. आरामात, रुबाबात पाँटियाक. फोर्ड हळू, गरम, धक्के देणारी, आणि तिचा चोक चुकीच्या बाजूला. ठेवली फोर्ड. भावनेला जागा नाही असं मी मे महिन्यात लिहिलं होतं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या.

ट्वेल्व्ह माइल रोडच्या चौकापाशी पुढची गाडी अचानक थांबली. हेडीने वेळेवर ब्रेक दाबला. सहज खाली नजर गेली तर माझा उजवा पाय चटईवर सगळ्या ताकदीने रुतलेला होता. मला जाणवलं नव्हतं, दिसलं. चटई हलली नाही, कारण ती मी स्वतःच चिकटवली आहे. मे महिन्यात ती चटई कशाने गोळा होत होती ते तेव्हा कळलं. मी हेडीच्या बसण्याला दोष दिला होता. तिचा गुडघा हलकेच थोपटला.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. चटई चांगली बसलीय."

चौकात पाँटियाक शेजारी येऊन उभी राहिली. आत लूथर, काळा चष्मा लावून. आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

"काय रे चेट! बायको गाडी हाकतेय, आणि तू नुसता बसलास पाहुण्यासारखा?"

खुर्च्यांवरचे लोक हसले. नेमकं तेव्हाच फोर्डचं इंजिन अडखळलं, एकदा, दोनदा. हेडीने माझ्याकडे बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. मी हात पुढे केला, मूठ पाव फेरा उघडली, आणि इंजिन पुन्हा टकटक चालायला लागलं.

"चोक माझ्याकडे आहे!" मी ओरडून सांगितलं.

सिग्नल हिरवा झाला. लूथर एका क्षणात दिसेनासा झाला. आम्ही आमच्या चालीने निघालो.